उसवबाईची साक्ष

या, अशा जवळ या. दाराशी का थांबलात? मांडीला मांडी लागली तर लागू द्या, देवाच्या नावाने जमलेल्यांत कुणी परकं नसतं. आज तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगते. एका दुपारी तिला खरं बोलायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. एवढंच म्हणजे किती, ते ऐका.

गणवेश शिवायचा एक कारखाना होता. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना खिडक्या, मधे सहा लाकडी मेजं आणि मेजांना लागून बायका. टपालवाल्यांचे कोट, हवालदारांचे सदरे, कचेऱ्यांतल्या शिपायांची जाकिटं, सगळं तिथे शिवलं जाई. शिवणाऱ्या एकशे त्रेपन्न. वाचता येणाऱ्या त्यांतल्या नऊ.

तिथली एक रीत होती. प्रत्येकीची आपली एक खूण असे. कपडा पुरा झाला की आतल्या शिवणीत, घालणाऱ्याला कधी दिसणार नाही अशा जागी, ती उरल्यासुरल्या दोऱ्याने चार-पाच टाके घाली. कुणाचे तीन उभे आणि एक आडवा, कुणाचं कोंबडीचं पाऊल, कुणाचे दोन ठिपके आणि मागे शेपूट. एकदा खूण ठरली की आयुष्यभर तीच. ही काही हौस नव्हती, बरं का. बाही वाकडी बसली, काज सुटलं, तर कुणाच्या मानगुटीवर बसायचं ते कळावं म्हणून मालकाने लावून दिलेला नियम होता तो.

मानगुटीवर बसणारी होती मुकादमीण. उंच, हडकुळी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पूर्वी तीही मेजावर शिवायला असे. अकरा वर्षांपूर्वी मालकाने तिला मुकादमीण केलं. कोट हातात आला की ती आतली शिवण उलटी करी, अंगठा फिरवी आणि मान वर न करताच म्हणे, "तू. इकडे ये. उसव." जिला तो शब्द ऐकावा लागे, तिला सुट्टी झाल्यावर थांबून सगळी शिवण उसवून पुन्हा घालावी लागे. म्हणून पाठीमागे तिचं नाव उसवबाई. समोर नुसतं 'बाई'.

"ही वर गेली ना," बायका म्हणत, "तर देवालाही सांगेल, आभाळाची शिवण तिरकी आलीय, उसव."

कारखान्याच्या डोक्यावरच मालकाने तिला एक खोली दिली होती. तिथे ती आणि तिची सासू, दोघीच. नवरा लवकर गेला. सासूचे गुडघे गेलेले. चार वर्षांत जिना उतरली नव्हती. खिडकीपाशी बसून खालून आलेले गुंतलेले दोरे सोडवी आणि स्वतःच जुळवलेलं काहीबाही गुणगुणे.

देवाचिया दारी नाही कोणी मुका ।
टाक्याच्याही हाका ऐकतो तो ॥

त्या वर्षी बायकांच्या मताच्या हक्काचा प्रश्न सभागृहासमोर आला. मोठ्या घरच्या बायकांची एक मंडळी होती. त्यांचं म्हणणं, जिच्या नावावर घर आहे तिला मताचा हक्क द्या. तेवढं मिळालं की पुढचं पुढे बघू. त्यांच्या सभेत गुळगुळीत कागदावर छापलेली पत्रकं वाटली जात. शिवणाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते मांडणारी होती एक मास्तरीण. सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून वाट अडवली म्हणून तीन महिने तुरुंगात राहून आलेली, बुटकी, आवाजाने मात्र सहा फुटी. कारखान्याच्या फाटकाशी उभी राहून ती म्हणाली, "घर असो नाहीतर नसो, मत प्रत्येकीला. घरवालीला मत द्यायचं आणि घर झाडणारीला नाही, तर मग हा कायदा बायकांचा कसला? हा घरांचाच कायदा झाला!"

बायका हसल्या आणि तिच्या मागे गेल्या. पायऱ्यांवर बसल्या. हवालदार आले, दंडाला धरून ओढू लागले. ओढता ओढता एकाची बाही खांद्यातून टरकन निघाली, तशी जिला ओढत होते तीच ओरडली, "अहो, हळू! ती मी बसवलीय! उद्या ती दुरुस्तीला माझ्याच मेजावर येणार!"

ओढून नेलं तरी एक गोष्ट झाली. सभागृहाचा नियम होता की कामकऱ्यांचा अर्ज रीतसर आला, तर तो चर्चेला घ्यावाच लागतो. रीतसर म्हणजे प्रत्येकीची स्वतःच्या हातची सही किंवा खूण. मास्तरीणबाईंनी अर्ज लिहिला. नऊ जणींनी नाव लिहिलं, बाकीच्यांनी फुल्या काढल्या.

नोंदणी कचेरीच्या साहेबाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि परत सरकवला. "या फुल्या एकट्या बाईने बसल्या बसल्या काढल्या नसतील कशावरून? फुली ती फुली. माझ्या हाताने काढली तरी अशीच येईल."

"मग काय करायचं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

साहेबाने नियमांचं पुस्तक उघडलं. माणूस वाईट नव्हता, पुस्तकाबाहेर पाऊल टाकायचा नाही इतकंच. "खूण अशी हवी की जिची तिचीच असेल. आणि ती ओळखणारा साक्षीदार हवा. अर्जदारांपैकी नव्हे, बाहेरचा. अर्जदारांच्या खुणा रोज पाहणारा. शनिवारी चारच्या आत. आणि बाई, हे नीट ऐका. एकही खूण खोटी निघाली तर सगळा गठ्ठा परत. मग या वर्षी पुन्हा येऊ नका."

शनिवारला सहा दिवस होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, रोज संध्याकाळी शिकवते, नाव लिहिण्यापुरतं येईल. तशी काज करणारी थोरली हसली. ती आणि तिची धाकटी बहीण एकाच मेजावर होत्या. दोघींना सगळे थोरली-धाकटी म्हणूनच ओळखत. थोरली म्हणाली, "सहा दिवसांत? मास्तरीणबाई, मला एक काज धड करायला तीन महिने लागले. आणि आम्हाला काय सही नाही होय? रोज करतो की कोटाच्या आत."

मग सगळ्याच बोलायला लागल्या.

त्या दिवसापासून एक पांढरी चादर घरोघर फिरू लागली. चादरीवर चौकोन आखले होते, चौकोनात आकडे. ज्या आकड्याला जी बाई, तिची यादी मास्तरीणबाईंकडे. प्रत्येकीने आपल्या चौकोनात आपली खूण शिवायची. ज्या नऊ जणींना लिहिता येत होतं त्यांनीही टाकेच घातले. म्हणाल्या, सगळ्यांबरोबर आमचंही असू दे.

आता राहिला साक्षीदार. एकशे त्रेपन्न खुणा रोज पाहणारं माणूस जगात एकच होतं. थोरली आणि मास्तरीणबाई जिना चढून वर गेल्या.

उसवबाईने त्यांना बसायला सांगितलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाही."

"का, बाई?" थोरलीने विचारलं.

"ही खोली कुणाची आहे?"

"मालकाची."

"ह्यांचे गुडघे पाहिलेस?" तिने सासूकडे बोट दाखवलं. "मी साक्ष दिली की संध्याकाळी मालक म्हणणार, खाली करा. ह्यांना घेऊन कुठे जाऊ? तुम्ही एकशे त्रेपन्न जणी आहात. एकशे त्रेपन्न जणींना एका दिवसात काढता येत नाही, दिवाळं निघेल. एका मुकादमिणीला काढता येतं."

मास्तरीणबाईंनी वाद घातला नाही. तुरुंगात राहून आलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती कळते. थोरली मात्र जिना उतरताना मोठ्याने म्हणाली, "अकरा वर्षं आमच्या चुका बोटांवर पाठ. आमच्या कामाची वेळ आली आणि झाली विसराळू!"

वर उसवबाईला ते ऐकू गेलं. ऐकू जावं म्हणूनच बोललं होतं ते.

शुक्रवारी मालक स्वतः तिच्या मेजाशी आला. गोड माणूस, रागावला तरी साखर पेरून बोलायचा. "तुमच्या खोलीचं छप्पर गळतंय म्हणे? पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो. आपली माणसं आपली राहिली, की त्यांचं छप्परही आपणच बघायला हवं, नाही का? आणि हो, उद्या दुपारी इथून हलू नका. टपालाचा माल जायचाय."

संध्याकाळी तिने हे सासूला सांगितलं. सासू दोरा सोडवत होती. म्हणाली, "छप्पर तीन वर्षं गळतंय. त्याला आज ऐकू आलं होय?"

"तुम्हाला हसू येतंय, आई. मला तुमची काळजी आहे."

"माझी?"

"तुमच्या गुडघ्यांची."

सासूने दोरा मांडीवर ठेवला. "हे बघ सूनबाई, गुडघे माझे आहेत. दुखतात ते मला दुखतात. त्यांच्या मागे तू लपू नकोस. तेवढे मोठे नाहीत ते." मग दोरा पुन्हा उचलत म्हणाली, "भीती वाटते म्हण. भीती वाटणं पाप नाही. देवाला सांगता येतं. पण माझे गुडघे सांगू नकोस त्याला, तो माझ्याकडे चौकशी करेल."

उसवबाईने दिवा मालवण्याआधी नेहमीसारखं देवाचं नाव घेतलं. त्या दिवशी जरा जास्त वेळ घेतलं, इतकंच.

शनिवारी सकाळी टपालाचे कोट तपासायला सुरुवात झाली. अकराव्या कोटाची कॉलर एका बाजूला ओढली गेली होती. उसवबाईने शिवण उलटी केली, अंगठा फिरवला. "तू. इकडे ये. उसव."

जिची खूण होती ती बाई आली. वयाने बरीच मोठी, बोलायला शांत. कोट हातात घेत म्हणाली, "उसवते, बाई. चूक माझीच आहे. ती माझीच आहे हे तुम्हाला अंगठ्याने कळलं. त्या साहेबाला डोळे असून कळत नाही."

टोमणा नव्हता तो. दूध नासलं असं सांगावं, तशा साध्या आवाजात ती बोलली आणि जागेवर जाऊन उसवायला बसली.

उसवबाईने बारावा कोट हातात घेतला. पुन्हा खाली ठेवला. चष्मा पुसला. मग खुंटीवरची आपली शाल काढली आणि सगळ्यांच्या देखत दालनाच्या दाराबाहेर पडली. घड्याळात पावणेबारा झाले होते. थोरलीने तोंडातली टाचणी काढली आणि शेजारणीला म्हणाली, "माझं काम बघ गं," आणि तिच्या मागे धावली.

नोंदणी कचेरी म्हणजे एक उंच खोली, लांब काउंटर, भिंतीला फायलींची कपाटं. मास्तरीणबाई सकाळपासून चादर मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. साक्षीदार नाही हे ठाऊक असूनही येऊन बसल्या होत्या. उसवबाईला दारात पाहिलं आणि त्या उभ्या राहिल्या. तोंडातून शब्द फुटेना. भाषणं देणाऱ्या बाईची ती गत, बघा.

साहेबाने चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही साक्षीदार? या खुणा तुम्हाला ओळखता येतात हे मी कसं मानू?"

दाराशी शिपाई उभा होता. उसवबाई त्याच्याकडे वळली. "जाकीट काढा."

"अहो, पण..."

"काढा. थंडी नाहीये."

शिपायाने साहेबाकडे पाहिलं. साहेबाने मान हलवली. उसवबाईने जाकिटाची खालची कड उलटी केली. "ही आमच्या चौथ्या मेजावरची, खिडकीकडून दुसरी. दोन वर्षांपूर्वीचं काम. डावी बाजू मी तिला दोनदा उसवायला लावली होती. आणि तुम्ही ह्या खिशात किल्ल्या ठेवता. ठेवू नका. अस्तर एकदा फाटलंय, घरी कुणीतरी काळ्या दोऱ्याने ओबडधोबड शिवलंय."

"बायकोने," शिपाई म्हणाला.

"तिला म्हणावं, टाके जवळ घाल."

साहेबाच्या मिशीत हसू आलं, पण ते त्याने तिथेच ठेवलं. यादी स्वतःजवळ घेतली, त्यावर जाड पुठ्ठा ठेवला, चादर काउंटरवर पसरली. तो आकडा सांगे, उसवबाई त्या चौकोनावर वाकून अंगठा फिरवी आणि नाव सांगे. साहेब पुठ्ठा एक ओळ सरकवून पडताळी आणि बरोबरची खूण करी. एक. दोन. तीन. कधी तो मधेच उलटा जाई, नव्वदावरून सतरावर, चकवायला. ती चकत नव्हती. चौथीला म्हणाली, "हिची सुई जाड असते." एकतिसावीला, "ही डावरी आहे." साठावीला, "हिने घाईत घातलीय, चूल पेटलेली असणार." बाकावर थोरली हात घट्ट धरून बसली होती. दोन वाजून गेले. अडीच वाजले. शिपायाने उसवबाईपुढे पाणी ठेवलं.

"एकशे अठरा," साहेब म्हणाला.

उसवबाईने अंगठा ठेवला. फिरवला. पुन्हा फिरवला. चष्मा नीट केला आणि प्रथमच डोळ्यांनी पाहिलं.

खूण धाकटीची होती. दोन तिरपे टाके, मधे एक बारीक गाठ. पण हात धाकटीचा नव्हता.

धाकटी दोन महिने अंथरुणाला खिळली होती. छातीत पाणी झालेलं. सुई धरली तरी दमायची. आणि तिथल्या बायकांची एक सवय होती. बरोबरची आजारी पडली की तिचा कोट दुसरीने पुरा करायचा आणि खूण मात्र तिचीच घालायची, म्हणजे तिची हजेरी लागते. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. थोरलीलाही वाटलं नव्हतं. चादर घरी आली तेव्हा धाकटी झोपलेली. थोरलीने आधी आपली खूण घातली आणि मग रोजच्यासारखी बहिणीची. मायेने घातली. ज्या हाताने तिला औषध पाजलं त्याच हाताने.

उसवबाईने मागे वळून पाहिलं. थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आत्ता कुठे तिला उमगलं होतं की तिने काय केलंय.

आता बघा. एक शब्द, धाकटीचं नाव. यादीत तेच होतं. साहेबाला काही कळणार नव्हतं. पस्तीस खुणा उरल्या होत्या, तासाभरात सगळं पार पडणार होतं. आणि खरं बोललं तर गठ्ठा परत. पायऱ्यांवरून ओढल्या गेलेल्या बायका, मास्तरीणबाईंचे तीन महिने, सगळं एका चौकोनात अडकलेलं. स्वतःची खोली तर ती दारातून पाऊल टाकतानाच गमावून आली होती. खोली जाऊन वर अर्जही जाणार.

"बोला," साहेब म्हणाला. "कुणाची?"

उसवबाईने डोळे मिटले. ओठ हलले. मग म्हणाली, "खूण धाकटीची. हात थोरलीचा. ही खरी नाही."

थोरलीच्या तोंडून आवाज निघाला, रडण्यासारखा. मास्तरीणबाईंनी तिचा खांदा धरला.

साहेबाने पेन खाली ठेवलं. "मी सांगितलं होतं. एक जरी खोटी निघाली..."

"तुम्हाला निघाली?" उसवबाई म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला नाही निघाली, साहेब. मी काढून दिली. मी गप्प राहिले असते तर तुमच्या यादीशी जुळली असती आणि तुम्ही बरोबरची खूण केली असती. होय की नाही?"

साहेबाने पुठ्ठा सरकवून यादीतलं नाव पाहिलं.

"तुम्ही फुल्या का परत पाठवल्या? खरी कुठली, खोटी कुठली, हे सांगणारं कुणी नव्हतं म्हणून. आता आहे. मी ह्या बायकांच्या बाजूने खोटं बोलायला आले असते, तर ते इथेच बोलले असते. इथे बोलले नाही. मग आधीच्या एकशे सतरा खोट्या कशा? अकरा वर्षं ह्या मला शिव्या घालतायत, कारण मी त्यांची एक चूक कधी सोडली नाही. आज सोडली असती तर माझ्या साक्षीला काय किंमत राहिली असती?"

तिचा आवाज चढला नव्हता. कॉलर ओढली गेलीय हे ज्या आवाजात सांगायची, तोच आवाज होता.

साहेबाने पुस्तक उघडलं. पानं उलटली. पुन्हा उलटली. बोट एका ओळीवर ठेवून पुटपुटला. मग मान वर केली. "साक्षीदाराने स्वतः दाखवून दिलेली खूण रद्द धरावी, असं इथे आहे. बाकीच्यांबद्दल..." त्याने आणखी एकदा वाचलं. "बाकीच्यांबद्दल आडकाठी नाही. पण कात्री लागेल."

"ती आहे," उसवबाई म्हणाली. एकशे अठरावा चौकोन तिने स्वतः कापला, कडा सुटू नयेत म्हणून दुमडून चार टाके घातले आणि म्हणाली, "पुढचा आकडा सांगा."

चाराला दहा मिनिटं असताना एकशे त्रेपन्नावा झाला. साहेबाने खाली लिहिलं, खुणा एकशे बावन्न, आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "साक्षीदाराचं नाव. पत्ता."

तिने नाव लिहिलं. पत्त्यापाशी थांबली. "आज संध्याकाळपर्यंतचा लिहू की उद्याचा?"

साहेबाला हे समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर तो हळूच म्हणाला, "आजचा चालेल."

मालकाने त्यांना खोली सोडायला रविवार दुपारपर्यंतची मुदत दिली. तेवढी साखर त्याने तेव्हाही पेरली. चार बायकांनी सासूबाईंना खुर्चीसकट उचलून जिना उतरवला. चार वर्षांनी रस्ता पाहिला तिने. म्हणाली, "अगं, समोरचं दुकान कुठे गेलं?" आणि जातायेता दिसेल त्या प्रत्येकाची चौकशी करत राहिली, जणू मिरवणूक तिचीच.

त्या दोघी थोरली-धाकटीच्या घरी गेल्या. थोरलीनेच नेलं, खाली बघत म्हणाली, "एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. अडचण होईल. पण चला." वाटेत तिने एकदाच विचारलं, "बाई, कोटांवर मी तिची खूण घालते, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"तुझा दोरा उजवीकडे ओढतो. तिचा नाही. दोन महिने ठाऊक आहे."

"मग बोलला नाहीत ते?"

"कोट चांगले होते," उसवबाई म्हणाली.

धाकटी उशीला टेकून बसली होती. बावीस-तेवीस वर्षांची, डोळे मोठे झालेले. तिला सगळं आधीच कळलं होतं. उसवबाई तिच्या शेजारी बसली, तशी म्हणाली, "दीडशेच्या वर बायका, आणि त्यांतून माझी एकटीची काढलीत."

"हो."

"मला उठवलं असतं तर मी घातली असती. ताईने उठवलं नाही. तुम्ही काढलीत. मला कुणी विचारलंच नाही." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

चार दिवस ती उसवबाईशी बोलली नाही. उसवबाईने तिचं पाणी भरलं, पाठ चोळली, अंथरूण बदललं आणि स्वतःची बाजू एकदाही मांडली नाही. तिच्या मते मुलीचं म्हणणं बरोबर होतं. खरं बोलल्यानेही कुणाच्या तरी अंगावर ओरखडा उठतो; तो आपण पाहिला नाही असं म्हणू नये. पाचव्या दिवशी सकाळी धाकटी म्हणाली, "कापड आहे का?"

अर्ज चर्चेला आला. सभागृहात चादर उघडली तेव्हा काही जण हसले, काही जण वाकून टाके बघू लागले. मग मोजणी झाली आणि अर्ज पडला. मास्तरीणबाई फाटकाशी येऊन म्हणाल्या, "पडला. पण आता 'रीतसर नाही' असं कुणाला म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी पाच कारखाने." पाच झाले. त्याच्या पुढच्या वर्षी अकरा. उसवबाई घरी बसून लोकांचे कपडे शिवायची आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन खुणा तपासायची. आता तिला बोलवायला माणसं येत, आणि तरीही ती उसवायला लावायचीच. मत मिळायला तेरा वर्षं लागली, घर असलेल्यांना आणि नसलेल्यांना, सगळ्यांनाच. तोवर सासूबाई गेल्या होत्या, मास्तरीणबाईंचे केस पिकले होते. थोरली आणि उसवबाई बरोबरच गेल्या मत द्यायला, आणि रांगेत कुणाचा तरी कोट बघून दोघींनी एकदमच तोंड वाकडं केलं.

धाकटी नव्हती. ती त्या पहिल्या हिवाळ्यातच गेली. पण दुसऱ्या चादरीवरची पहिली खूण तिची होती. ती घालायला तिला दोन सकाळी लागल्या. मधे दम लागायचा, सुई खाली पडायची. थोरली पुढे व्हायची आणि धाकटी मान हलवून तिला थांबवायची. उसवबाईने अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "तुझी आहे."

तर मंडळी, तुम्हीही कधी मत द्यायला जाल. ऊन असेल, रांग लांब असेल, घरी कामं पडली असतील, आपल्या एकटीने काय होतंय असं वाटून पाय मागे वळेल. तेव्हा घटकाभर थांबा आणि त्या धाकटीची आठवण काढा.